लाल पेटीतली उत्तरं

तिचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. सहाच्या पाळीआधी एक तास अभ्यास, चहा त्यानंतर. मग कारखान्यात आठ तास उभं राहून बोल्ट तपासायचे. सोबतच्या बायका तिला ‘वकीलबाई’ म्हणून चिडवायच्या.

“काय वकीलबाई, आमची केस कधी लढताय?”

“आधी एकाला बघून घेते. मग तुमचा नंबर.”

तो एक म्हणजे कंपनीचा वकील. सहा वर्षांपूर्वी तिच्या अप्पांची तीन बोटं प्रेसखाली गेली. काम भराभर उरकावं म्हणून, हात आत जाऊ नये यासाठी बसवलेली यंत्राची जाळी मुकादमाने काढून ठेवली होती. कोर्टात वकिलाने एवढंच विचारलं, “हात तुम्हीच आत घातला ना? हो की नाही?” अप्पा जाळीचं सांगायला लागले. “हो की नाही?” अप्पा म्हणाले, “हो.” भरपाई तिथेच बुडाली. फाइल मिटताना वकील हसला. ते हसू ती विसरली नव्हती. कधीतरी त्याच्यासमोर काळा कोट घालून उभं राहायचं आणि त्याच्या साक्षीदाराला तसंच ‘हो की नाही’ विचारायचं, हे तेव्हाच ठरलं.

त्यासाठी कायद्याच्या प्रवेश परीक्षेत दीडशेपैकी एकशेदहा हवे होते. सरावात गाडी अठ्ठ्याऐंशीवर अडली ती हलेना. अकरा पेपर झाले. पेपर चुकला की ती दात-ओठ खात तो रद्दीत फेकायची आणि नवा घ्यायची.

एका रविवारी दुपारी अप्पांनी ते सगळे रद्दीतून उचलले.

“कारखान्यात खराब बोल्टचं काय करतेस?”

“लाल पेटीत टाकते. मग दोष बघून वेगळे करते. आटे गेलेले एकीकडे, डोकं वाकडं असलेले एकीकडे.”

“आणि इथे?”

तिने हातातला नवा पेपर खाली ठेवला.

“नुसतं राबतेस. बस खाली.”

दोघांनी चुकलेले प्रश्न कापून फरशीवर मांडले. गणिताचा ढीग लहान निघाला, भाषेचा त्याहून लहान. कायद्याचा मात्र गुडघ्याला लागला. या प्रश्नांत वर नियम दिलेला असतो, खाली घटना. नियम लावून निकाल सांगायचा. अप्पा वाचत गेले आणि हसायलाच लागले.

“अगं, तू सगळीकडे मालकालाच दोषी ठरवलंयस!”

“असतोच तो.”

“इथे ड्रायव्हर न विचारता गाडी घेऊन सासुरवाडीला गेलाय आणि वाटेत एकाला धडकलाय. कामाबाहेरचं मालकाच्या अंगावर नाही, असं वर लिहिलंय.”

“गाडी मालकाचीच होती ना?”

“आणि सासू?”

ती उसळली. “म्हणजे राग सोडून देऊ?”

“मी कुठे सोडलाय?” अप्पांनी उरलेली दोन बोटं तिच्यापुढे धरली. “पण तो वकील चिडला होता का? तो कागद वाचून आला होता.”

हे तिला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ती खालची घटना हाताने झाकून आधी नियम वाचायची, स्वतःच्या शब्दांत म्हणायची. नियमातल्या कुठल्या शब्दावर उत्तर उभं आहे ते सापडेपर्यंत खूण करायची नाही. चुकलेलं लाल वहीत, दोषासकट. एक्क्याण्णव. सत्त्याण्णव. पुन्हा शहाण्णव. एकशेआठ. खऱ्या परीक्षेत एकशेचौदा.

सहा वर्षांच्या पगारातलं साठवलेलं कॉलेजच्या फीत गेलं. फी भरून ती तडक कोर्टात गेली आणि उरलेल्या पैशात अप्पांच्या खटल्याची नक्कल काढली. साक्षीच्या पानावर अप्पांचं ‘हो’ होतं. जाळीचा शब्दही कुणी लिहून घेतलेला नव्हता. तिने पान दोनदा वाचलं आणि लाल वहीत ठेवलं.