धनसिंगच्या जीपमधली तीन माणसं

दारव्ह्यात कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला दोनच कामं येतात, असं गावाचं पक्कं मत आहे: ऑनलाइन फॉर्म भरणं आणि रुसलेला प्रिंटर चालू करणं. उमेरा यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला पोचली, तरी मोहल्ल्यातल्या बायका तिच्याकडे पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म घेऊनच यायच्या. मी प्रोग्राम लिहिते, मोबाईलमध्ये जे चालतं ते बनवते, असं ती समजावून सांगायची. बायका मनापासून माना डोलवायच्या आणि फॉर्म पुढे करायच्या.

तिचे अब्बा रहमतभाई दुचाकीचे मिस्त्री. बसस्टँडमागे त्यांचं गॅरेज होतं आणि शेजारचा गाळा त्यांनी लेकीच्या कॉम्प्युटरच्या दुकानासाठी मनात कधीच धरून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता, पोरगी नजरेसमोर राहावी एवढंच त्यांचं म्हणणं. कॉलेजातूनच एखाद्या कंपनीने निवडलं तर बघू, नाहीतर गाळा आहेच, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. उमेराला तो गाळा नको होता. फॉर्म भरता भरता म्हातारं व्हायला आपण डेटा स्ट्रक्चर शिकलो नाही, हे तिने आईला स्वच्छ सांगितलं होतं. त्यामुळे नागपूरची एक सॉफ्टवेअर कंपनी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघायला येणार, अशी नोटीस लागली तेव्हा तिचं सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलं. पण घाबरणं हा प्रकार तिच्या वाट्याला जरा कमीच आलेला. आपली निवड होणार, हे तिने परस्पर ठरवूनही टाकलं.

तसं तिचं प्रोजेक्ट होतंच झकास. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या पोरांकडून लायब्ररीचं नाहीतर दवाखान्याचं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि नुसतं नाव बदललं होतं. उमेराने रोजच्या जाण्यायेण्याचं दुखणं उचललं. दारव्हा-यवतमाळ जीप वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. कधी भरेल ते देवालाही ठाऊक नसतं. म्हणून तिने एक अ‍ॅप बनवलं. माणूस बसला की ड्रायव्हरने मोबाईलवर एक बटण दाबायचं, उतरला की दुसरं. किती सीट भरल्या आणि जीप कुठे आहे, ते घरबसल्या सगळ्यांना दिसायचं. ती रोज ज्यांच्या जीपने यायची, त्या धनसिंगकाकांना तिने बटण दाबायला शिकवलं होतं. ते इमानदारीने दाबायचे.

कंपनीकडून उर्वशी मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, पण स्क्रीनवरून नजर न हटवणाऱ्या. इतरांचे प्रोजेक्ट त्यांनी भराभर उरकले. उमेराकडे मात्र खुर्ची ओढून बसल्या. दारव्ह्याच्या स्टँडवर उभ्या धनसिंगकाकांच्या जीपमध्ये अकरापैकी अकरा सीट भरल्याचं स्क्रीनवर दिसत होतं. आता गाडी निघेल आणि नकाशावरचा ठिपका हलेल, असं उमेराने ऐटीत सांगितलं.

ठिपका हलला नाही. मॅडम पाणी प्यायल्या, तरी हलला नाही. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. प्रोजेक्टचे सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, नेटवर्क नाही म्हणून सांग, अन् मोकळी हो. सोपी वाट होती. नेटवर्कवर ढकललेलं पाप कोणी तपासत नाही. पण आपला प्रोग्राम चांगला चालत असताना खोटी सबब सांगायची, याचाच उमेराला राग आला. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"नेटवर्क नीट आहे, मॅडम," ती म्हणाली. "त्या जीपमधली तीन माणसं खोटी आहेत."

मग तिने सांगितलं. रिकाम्या जीपमध्ये कोणी चढत नाही, म्हणून ड्रायव्हर ओळखीच्या दोन-तीन जणांना नुसतं बसवून ठेवतो. धनसिंगकाकांचे तिघे तर ठरलेलेच. गाडी भरत आलेली दिसली की खरी माणसं पळत येतात. ती आली की खोटी हळूच उतरून चहाला जातात. पहिल्या वर्षाला असताना ती स्वतःही अशी बसली होती, धनसिंगकाकांनी गळ घातली म्हणून. तिला माहीत नव्हतं असं नाही. प्रोग्राम लिहिताना ते ध्यानातच आलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

उमेराने तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. काका, खोटी माणसं कायले दाबली, असं तिने विचारलं.

"खोटी कायची?" धनसिंगकाका उखडले. "तूच सांगतलं होतं ना, मानूस बसला का बटन दाबजा. बसला, दाबलं. रिकाम्या गाडीत कोनी बसते का?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे उमेराला पटलं.

"काका, स्टँडवर गर्दी पाहून मानूस येते. मोबाईलवर गर्दी पाहून येत नाही. तुमची गाडी फुल दिसून राह्यली, म्हनून लोक घरीच बसले."

फोनमधून धनसिंगकाकांनी कोणाला तरी "उतरा बे" म्हटल्याचं ऐकू आलं. स्क्रीनवर अकराचे आठ झाले. वर्गात हशा पिकला. मॅडमही मोकळेपणाने हसल्या, पण खुर्ची सोडून उठल्या नाहीत. थोड्या वेळाने आठाचे नऊ झाले, मग दहा, अकरा, आणि ठिपका यवतमाळच्या वाटेवरच्या बोरी अरबच्या दिशेने सरकू लागला. उमेराला इतका आनंद झाला, की तिने सरांकडे वळून भुवया उडवल्या.

प्रोग्राम कुठे चुकला, असं मॅडमनी विचारलं.

"प्रोग्राम बरोबर होता. माझा प्रश्न चुकला," ती म्हणाली. "माणूस बसला का, असं मी विचारलं. त्याला कुठे जायचंय, ते विचारायला पाहिजे होतं."

दुपारी कॉलेजच्या ऑफिसात एकच नाव सांगितलं गेलं, आणि ते तिचं होतं.

तिने व्हरांड्यातून अब्बांना फोन केला. नागपूर, नोकरी, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं, असं एका दमात सांगून टाकलं. गॅरेजमधली ठोकाठोकी थांबली. अब्बा नको म्हणतील म्हणून तिने उत्तरं तयार ठेवली होती, चांगली पाच-सहा.

"रहेगी कहाँ?" अब्बांनी विचारलं.

एवढी हुशार पोरगी, पण राहायचं कुठे, हा विचार तिने केलाच नव्हता.

"पिछले जुम्मे को नागपुर की जाफर नगर वाली खाला से बात कर ली मैंने," अब्बा म्हणाले. "पीछे का कमरा खाली है."

मागच्या शुक्रवारी तर कंपनी कॉलेजात आलीही नव्हती. उमेरा तिथेच भिंतीला टेकली आणि येणारेजाणारे बघत असताना खुशाल रडली.