एक नाव, तिघं मालक

सदर व्यक्ती: श्रीमती महामाया गवई. मुक्काम चिखली तालुका. व्यवसाय अंगणवाडी मदतनीस, कला हौशी गायन, वर्तन समाधानकारक. सदर व्यक्तीच्या गीताचे शीर्षक संमेलनाध्यक्षांच्या नाटकाशी जुळत असल्याने रसिकांचा गोंधळ टाळण्यासाठी ते 'उघडे दार' असे करण्यात आले आहे. सदर व्यक्तीची हरकत नाही असे समजण्यात यावे.

संमेलनाच्या स्मरणिकेत छापलेला हा परिचय महामायाबाईंनी मंडपाच्या दारातच वाचला. घडी घातली आणि आपल्या बाजाच्या पेटीखाली ठेवली. पेटी डुगडुगत होती, तिला टेकू हवाच होता.

गाण्याचं नाव 'दाराला कडी नाही'. वस्तीतल्या पोरींनी शिकायला केव्हाही यावं, म्हणून रचलेलं. ऐन तारुण्यात रचलं आणि गावोगावच्या जयंत्यांमध्ये गायलं. अध्यक्ष प्रा. शालिग्राम वायाळ यांच्या नाटकात त्याच नावाखाली एक जावई भलत्याच घरात शिरतो आणि तीन अंक बाहेर पडत नाही. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

वायाळ सर चहाचा कप घेऊन आले. "ताई, राग मानू नका. लोक नाटक समजून बसतील."

"गानं सुरू झाल्यावर कयीनच की त्यायले."

"पण नाव एकच ना!"

"सर, आमच्या वस्तीत चार महामाया हायत. एकीले हाक मारली तं चौघीजनी ओ देतात. म्हून कोनाचं बारसं दुसऱ्यांदा नाई केलं."

"पण ओळख..."

"शेवटच्या कडव्यात माह्यं नाव हाय. आमच्यात रचनारा नाव घालतोच. तुमच्या नाटकात तुमचं नाव कोन्या अंकात येते?"

सरांनी कप तोंडाला लावला. कपात चहा नव्हताच.

दुपारी निवेदिका प्राचीनं पुकारलं, "आता महामायाताई सादर करतील, 'उघडे दार'!"

महामायाबाईंनी पेटीच्या भात्यावरचा हात उचलला. मागं बसलेल्या कोरसच्या बायांनी टाळ मांडीवर ठेवले.

"हे कोनाचं गानं हाय, पोरी? मले तं येत नाई."

मंडप हसला. प्राचीनं सरांकडे पाहिलं, सरांनी स्मरणिकेकडे. मागच्या रांगेतून कडूबा उठले. फवारणीचे पंप दुरुस्त करणारा हा माणूस, बायको गेल्यावर पदरमोड करून कवितांचं पुस्तक काढून बसला होता.

"माह्याबी पुस्तकाचं नाव 'दाराला कडी नाही'च हाय. ते गेली तवापासून मी कडी लावत नाई. मले काऊन नाई बदलाले लावलं?"

"तुमचं पुस्तक आमच्या पाहण्यात नाही," सर म्हणाले.

"हाव, कोनाच्याच नाई. मंग गोंधळ कसा होईन?"

सरांनी खूण केली आणि माइक बंद झाला. संमेलन समितीचा अंदाज असा, की आवाज गेला की बाई उठेल. जयंतीत वीज गेल्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून गाणाऱ्या बाईबद्दल हा अंदाज कुणी बांधला, कळायला मार्ग नाही.

"बायांनो, नाव सांगा वं यायले!" महामायाबाई म्हणाल्या.

कोरसनं एका दमात नाव सांगितलं. बाहेर भज्याच्या गाडीवर उभी माणसं आत आली. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत, नावासकट झालं. प्राची बंद माइक धरून ताल देत होती.

पुढच्या वर्षी महामायाबाईंना निमंत्रण आलं नाही. गाण्याचं नाव 'दाराला कडी नाही' असंच आहे.