प्रज्ञाचा फोटो मोठा काऊन नाई केला

स्क्रीनवर झूम केलं अन् प्रज्ञाचा डोळा चार चौकोनांचा झाला. त्या क्षणी मला कळलं, ती खरंच गेली.

दवाखान्यात नव्हतं कळलं. मातीला गेलो तेव्हाही नाही.

आज वर्ष झालं. सकाळपासून एका जागी बसवत नाही, म्हणून लिहून टाकतो. ज्यांना माहीत होतं त्यांना होतं. बाकीच्यांना आज कळू द्या.

ती कुरखेड्याला होती म्हणून मी गडचिरोलीचं कॉलेज अर्ध्यात सोडलं अन् इथं सलीमभाऊच्या फोटो स्टुडिओत लागलो.

तिच्या बाबांनी भर चौकात सुनावलं होतं, "शिक्षण सोडलेला पोट्टा माह्या दारासमोर दिसला नाई पाह्यजे!"

मग तिला मेंदूचा मलेरिया झाला. चार दिवसांत सगळं संपलं.

अन् तेच काका, तिचे बाबा, आमच्या काउंटरसमोर उभे. हातात तिचा कॉलेजच्या फॉर्मवरचा पासपोर्ट फोटो.

"पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लावाचा हाय. मोठा करून द्या. मांगं बसलेल्या मानसालेही दिसली पाह्यजे."

मग हळूच म्हणाले, "पण ह्याच्यात हासून नाई राह्यली ती."

सलीमभाऊनं माझ्याकडं पाहिलं. "तेरे पास है ना एक?"

होता. नदीच्या पुलावर मोबाइलवर काढलेला. "काढ नं लवकर, बाबा येऊन राह्यले," म्हणत ती हसली होती, तेवढ्यात बटण दाबलं होतं.

दिला तर काकांना कळणार, तीही मला भेटत होती. नाही दिला तर प्रज्ञा त्या हॉलमध्ये कपाळाला आठी घालून बसणार.

दिला.

मोबाइलचा फोटो तो. सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी पिक्सेल, बस्स. बारा बाय सोळा इंचाला ताणला तर इंचामागे चाळीसच उरतात. डोळ्याचे चौकोन होणारच.

माझं डोकं फिरलं. रिझोल्यूशनच्या चौकटीत सरळ तीनशे टाकलं. इंकजेटला तीनशे म्हणजे बेस्ट, एवढं ऐकून होतो.

प्रिंटर कुरकुरत राहिला. बाहेर आली एक गुळगुळीत, मेणाची पोरगी.

चौकोन नव्हते. पण तिच्या हनुवटीवरची जुन्या जखमेची खूणही नव्हती. फोटोत नव्हतं ते सारं कॉम्प्युटरनं आपल्या मनानं भरलं होतं.

काका बघत राहिले. "चांगली हाय," म्हणाले. "पण माही पोरगी नोहे."

मी प्रिंट टराटरा फाडली.

"अबे पागल, कागजवर काऊन राग काढून राह्यला?" सलीमभाऊ ओरडले. "जितना है उतनाच छाप!"

"लहान होईन नं भाऊ! मांगच्याइले दिसन का?"

"ज्याले पाहाचं हाय तो उठून जवळ येईन."

तीन बाय चार. इंचामागे एकशे साठ. एकही पिक्सेल पदरचा घातला नाही.

शाई वाळायचीही वाट न पाहता काकांनी फोटो उचलला. डोळ्यांजवळ नेला. हनुवटीपाशी अंगठा थांबला.

"सायकल शिकवत होतो," काका म्हणाले. "मीच मांगून हात सोडला."

मग माझ्याकडं पाहिलं. "कोणं काढला हा?"

"मी."

"तुह्याकडं पाहून हासली?"

"हो, काका."

आता थोबाडीत बसते, असं वाटलं. मी हललो नाही. बसायलाच हवी होती, खरं सांगतो, बरं वाटलं असतं.

काका नुसते स्टुलावर बसले. फोटो छातीशी धरला अन् लहान पोरासारखे रडायला लागले.

नंतर कार्यक्रमात लोक एकेक करून उठले, जवळ आले, वाकून तिला बघून गेले. मावशा तर तिच्याशी बोलतच होत्या. मी पार मागं उभा होतो. मला तिथून काहीच दिसत नव्हतं. चाललं.

पण माझा निरोप त्याआधीच, स्टुडिओत झाला होता.

मी सलीमभाऊला खूण केली. ते आधी बाहेर पडले.

आत काका हसऱ्या प्रज्ञाला विचारत होते, "लागलं का वं बाई?"

नीट जा, प्रज्ञा.

मी बाहेर आलो अन् दार लावून घेतलं.