आठ सेकंदांचा झरा

चौकाच्या कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतल्या बाईला सगळं शहर ‘हलूनका’ म्हणायचं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि त्याचा तिला राग यायचा. पण राग तिला कशाचाही यायचा. तीस वर्षं पासपोर्टचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढून तिच्या तोंडी दोनच शब्द बसले होते: हलू नका. तान्ह्या पोरांना, नव्वदीच्या म्हाताऱ्यांना आणि एकदा तर एका पोलीस अधिकाऱ्यालाही तिने हनुवटीला धरून सरळ केलं होतं. फोटोत आपण मेल्यासारखे दिसतो अशी कुणी कुरकुर केली, की ती म्हणायची, “जिवंत दिसायचं असेल तर घरी आरशात बघा.”

अशा बाईला नाद लागावा तो पाण्याचा! म्हणजे जे कुणाच्या बापाचं ऐकून गप्प बसत नाही, नेमकं त्याचा. रविवारी दुकानाला कुलूप घालून ती कॅमेरा आणि तिपाई घेऊन निघायची. डोंगरातले ओढे, नदीचे भोवरे, आणि पाय दुखत असले की समोरच्या चौकातलं कारंजं. त्या कारंज्याच्या बत्तीस तोट्या तिला पाठ होत्या. त्यातल्या तीन कधीच्या बुजलेल्या होत्या, हे ती पाणी खात्याला दरवर्षी लिहून कळवायची आणि दरवर्षी उत्तर यायचं नाही.

शटर झटकन मिटलं, तर पाण्याचे सुटे मणी दिसतात. तेच रेंगाळू दिलं, तर थेंब एकमेकांत मिसळून दुधासारखी जाड धार दिसते. भर दिवसा शटर असं उघडं ठेवायला भिंगावर काळी काच चढवावी लागते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठल्या पाण्याला किती सेकंद, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. स्पर्धेच्या अर्जातला शटरचा रकाना ती कायम कोरा ठेवायची. फोटो क्लबातल्या कुणी खोदून विचारलंच, तर म्हणायची, “सुगरण कधी मिठाचं माप सांगते का?” हा ताठा तिला फार महागात पडणार होता.

एका मंगळवारी सकाळी तिचा दादा दुकानात आला. दादा राहायचा वर डोंगरात, चालत दोन तासांवर. तिथे चाळीस घरं आणि त्या सगळ्यांना मिळून एकच झरा. त्यातलं निम्मं पाणी पाच वर्षांपूर्वीच पाइपाने खाली, चौकातल्या कारंज्यासाठी आणलं होतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

दादाने खिशातून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. “धाकटे, तुझा फोटो छापलाय बघ त्यांनी.”

पाणी खात्याची नोटीस होती. बागेत नवं रंगीत कारंजं होणार होतं, त्यासाठी झऱ्याला दुसरा पाइप जोडायचा होता. कुणाची हरकत असल्यास शुक्रवारी सुनावणीला यावं. आणि खाली पुरावा म्हणून तिचा फोटो होता: काळ्या कातळावरून पांढऱ्याशुभ्र पाण्याचा पडदा ओसंडतोय. ओळ होती, ‘झऱ्यातील मुबलक पाणी’.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुबलक? तो फोटो तिने ऐन उन्हाळ्यात काढला होता. कातळावरून सात-आठ दोऱ्यांएवढं पाणी ठिबकत होतं आणि खाली दादा डबा लावून बसला होता. एक डबा भरायला बावीस मिनिटं लागत होती. तिला सगळं लख्ख आठवलं. “दादा, तू आणि तुझा डबा बाजूला व्हा, फोटो बिघडतोय,” असं तीच म्हणाली होती. दादा अर्धा भरलेला डबा उचलून निमूटपणे झाडामागे जाऊन उभा राहिला होता. मग काळी काच आणि आठ सेकंद. त्या आठ सेकंदांत जेवढे थेंब पडले, ते सगळे एकाच फोटोत एकमेकांवर साचले. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. पाणी खात्याने तो मागून घेऊन आपल्या भिंतीवर लावला, आणि ही वेडी तो दाखवायला चार मैत्रिणींना तिथे घेऊन गेली होती.

“मग तेव्हाच का बोलला नाहीस?” ती दादावरच उसळली. “बघितला होतास ना तू फोटो?”

“बघितला होता. सगळे सुंदर म्हणत होते,” दादा म्हणाला. “मला वाटलं, तुला कळत असेल.”

काउंटरवरची कात्री उचलून तिने उगाचच खणात आपटली. पाणी खात्याचा राग येत होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा येत होता, आणि स्वतःच्या रागाला हनुवटीला धरून सरळ करता येत नाही.

शुक्रवारी ती कॅमेरा आणि तिपाई घेऊन पाणी खात्याच्या कचेरीत सुनावणीला गेली. खात्याचा अधिकारी बोलताना खोलीत सारख्या येरझाऱ्या घालायचा, टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. वरच्या वस्तीतली दहा-बारा माणसं मागे बसली होती. फोटो क्लबचे दोघेजणही आले होते.

“बाई, फोटो खोटं बोलत नाही,” अधिकारी म्हणाला.

“बोलतो. तीस वर्षं मी त्याला बोलायला लावतेय. निम्म्या शहराच्या तोंडावरचे डाग मी पुसलेत, साहेब.”

“कमाल आहे! फोटो तुमचाच आणि तुम्हीच म्हणता खोटा?”

“तुम्ही वर जाऊन झरा बघितलात का?”

“दोन तास चढून? अहो, त्यासाठीच तर फोटो असतात.”

आता तिला राग आवरेना. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, पण उंट तिनेच पुरवला होता! तिने तिपाई उभी केली, भिंगावर काळी काच चढवली. “बोला तुम्ही, थांबू नका,” ती म्हणाली. अधिकारी येरझाऱ्या घालत कारंज्याने शहराची शोभा कशी वाढते ते सांगू लागला. तिने वीस सेकंद शटर उघडं ठेवलं आणि मग कॅमेऱ्यातला फोटो कारकुनाकडून समोरच्या पडद्यावर लावून घेतला.

पडद्यावर टेबल होतं, खुर्ची होती, खिडकी होती. अधिकारी नव्हता. खिडकीपाशी तो वळला होता तिथे एक करडा डाग तेवढा होता.

“फोटो खोटं बोलत नाही ना?” ती म्हणाली. “मग या खोलीत अधिकारीच नाही. नोटिशीवर सही कुणी केली?”

मागची माणसं खो-खो हसली. तिला हसू आलं नाही. ती भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोपाशी गेली आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मार्करने काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आठ सेकंद. क्लबच्या दोघांनी ते लगेच आपापल्या वहीत उतरवून घेतलं. घ्या, मेल्यांनो, असं तिच्या मनात आलं.

अधिकाऱ्याचे कान लाल झाले होते. “बरं,” तो म्हणाला, “सोमवारपर्यंत ताजा फोटो आणून द्या. शटरबिटर सगळं लिहून. तोवर पाइपाचं काम थांबवतो.” म्हणजे एवढं होऊनही वर चढायला तो तयार नव्हताच. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी सकाळी ती झऱ्यावर पोचली. दादा डबा लावून बसला होता. तिने तिपाई मांडताच तो डबा उचलून झाडाकडे निघाला.

“कुठे चाललास?”

“फोटो बिघडेल ना.”

ती खेकसली, “गपचूप बस तिथे! नेहमी बसतोस तसा. डबाही ठेव.”

दादा बसला. तिने काळी काच काढून पिशवीत टाकली आणि सवयीने तोंड उघडलं, “दादा, हलू...”

“कुठे हलतोय मी?” दादा डब्याकडे बघत म्हणाला. “आता पस्तीस मिनिटं लागतात.”

तिने बटण दाबलं. मग फोटोसोबत द्यायला आणलेला स्पर्धेचाच एक कोरा अर्ज तिथेच दगडावर ठेवून आयुष्यात पहिल्यांदा शटरचा रकाना भरला: एका सेकंदाचा पाचशेवा भाग. आणि त्याखाली, ज्यासाठी अर्जात रकानाच नव्हता, ते कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं: डबा भरायला पस्तीस मिनिटं, माझा दादा बसून आहे.