ऐन थंडीतलं बर्फवाटप

आमच्या फ्रिजमधलं बर्फाचं यंत्र जानेवारीत बंद पडलं. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येत होता, लोक कानटोपीशिवाय दूध आणायला उतरत नव्हते, आणि मी घरात बर्फ पडत नाही म्हणून हवालदिल.

हा फ्रिज बायकोने हौसेने घेतलेला. आपणच पाणी ओढून, बर्फ करून, खडे खालच्या डब्यात टाकणारा. "पाहुणे आले की ट्रे आपटत बसायला नको," म्हणाली होती. पाहुणे तिच्यासाठी यायचे, हे ती गेल्यावर कळलं. माझ्यासाठी येतो तो गॅस सिलिंडर.

खडे मात्र पडत राहिले. दुपारी पेपर वाचताना आत खडखडाट व्हायचा आणि मी बाहेरून विचारायचो, "काय सांडलं गं?" सवय, दुसरं काय. उत्तर यायचं नाही, पण विचारायला निमित्त असायचं. तो आवाज थांबला तसा मी दुरुस्तीला लागलो.

आधी फ्रिजमागचा पाण्याचा कॉक फिरवला. नळीच हातात आली. स्वयंपाकघराचा गोदाघाट झाला. सगळं पुसून नळी पुन्हा बसवली, मग आत कुठे बर्फ अडकला असेल म्हणून हेअर ड्रायर फ्रीझरमध्ये धरला. मटार तेवढे मऊ झाले. शेवटी बंगलोरच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला.

"बर्फ येत नाहीये का?" तिने विचारलं.

"नाही ना."

"डबा रिकामा आहे?"

"गच्च भरलाय."

"बाबा, कडेला तारेची दांडी दिसते? डबा भरला की खडे तिला टेकतात आणि मशीन आपोआप थांबतं. बिघडलेलं काही नाहीये. तुम्ही बर्फ काढतच नाही."

"या थंडीत काढून करू काय?"

"मग हवाय कशाला?"

आवाजासाठी, असं बापाने मुलीला सांगायचं नसतं. "यंत्र चालू असलेलं बरं," म्हणालो. तिची मीटिंग होती.

डबा रिकामा करणं आलं. सिंकमध्ये ओतवेना. वाडगाभर खडे घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे एक तरुण जोडपं राहतं. त्यातल्या बायकोने दार उघडलं.

"बर्फ? काका, घरात स्वेटर घालून फिरतेय मी."

"असू दे. मुका मार वगैरे लागला तर."

"कोणाला?"

"कोणालाही."

तिने कीव येऊन घेतला. "वाडगा संध्याकाळी आणून देते हं."

मला तेवढंच हवं होतं. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून आणतात, मग 'बसा ना', मग 'नको नको', मग चहा. मी सोफ्यावरचे कपडे उचलले, शर्ट बदलला, दोघांचं आधण ठेवलं. आत खडे पडायला लागले होते. बेल चुकायला नको म्हणून बघायलासुद्धा गेलो नाही.

अंधारून आलं तेव्हा दार उघडून पाहिलं. कडीला पिशवी लटकत होती. आत घासलेला वाडगा आणि तिळाचे लाडू.

मी समोरची बेल वाजवली. "अहो, बेल नाही का वाजवायची?"

"म्हटलं झोपला असाल, काका. उगाच त्रास."

"छे, जागाच होतो. लाडू मस्त झालेत." अजून चाखलाही नव्हता.

"थँक्यू, काका." आत कुकरची शिट्टी झाली आणि ती वळली.

घरी येऊन दोघांचा चहा एकट्याने प्यायलो, लाडू खाल्ला. खरंच मस्त झाला होता. पण ते तर आधीच सांगून बसलो होतो. आता पुन्हा बेल वाजवायची तरी काय म्हणून?