भावजींची तांबडी जमीन

आख्ख्या भांडगावात चपला काढूनच आत जावं लागे अशा जागा दोनच होत्या, देऊळ आणि माझ्या धाकट्या दिरांचं वर्कशॉप. देवळात कुणी चपलेनं शिरला तर देव निदान ओरडत तरी नाही. भावजी लेथ बंद करून, हातातला पाना तसाच उगारून येत. मोटारीचा शाफ्ट घेऊन आलेलं गिऱ्हाईक, मग ते सोसायटीचे चेअरमन का असेनात, दारात अनवाणी उभं. "अहो, लोखंडाचा कीस रुततोय पायात!" म्हणून कुणी कळवळलं, की भावजी म्हणायचे, "पायाचं भरून निघतंय. कोब्याला ओरखडा पडला तर त्यो भरंल व्हय?"

कुरकुंभच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केल्यावर त्यांनी हायवेलगत हे शेड टाकलं आणि करड्या कोब्यावर पडलेला नट दिसत नाही म्हणून तो रंगवायला घेतला. ऑइलपेंटचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "पेंट म्हंजी वरवरची पावडर, वहिनी. रंग मुरला पायजे." हिराकसाचे हिरवे खडे पाण्यात विरघळवून झारीनं शिंपायचे. कोबा आधी शेवाळल्यासारखा हिरवट दिसे, वारा लागला की गंजासारखा तांबूस होई. मग गुडघ्यांवर बसून जवसाचं तेल चोळायचं. एकदा केलं असतं तर हौस म्हटली असती. पण दिवाळीला एक हात, गुढीपाडव्याला आधीचं तेल सोड्यानं धुऊन दुसरा, आखाडात तिसरा. कोबा करपलेल्या भाकरीसारखा काळपट झाला तरी भावजींचं एकच, "अजून फिकाच हाय."

मी तेव्हा साठीची होते, म्हणजे वयानं. अक्कल सोळाच्या पुढं सरकली नव्हती. चौथ्या वेळी हिराकस कालवायचं काम माझ्याकडं आलं, तर मी झारीत नुसतं बोअरचं पाणी भरून दिलं. म्हटलं, बघू पकडतात का. त्यांनी मन लावून सगळं शेड शिंपलं, वाळू दिलं, मग वाकून बघितलं.

"आत्ता चढला! बघा वहिनी, कसा दाट आलाय."

मी पदर तोंडाशी धरून हसत सुटले. "भावजी, निव्वळ पाणी होतं ते!"

ते हसले नाहीत. माझ्याकडं बघत होते, म्हणजे माझ्या खांद्याच्या पलीकडं कुठंतरी.

"काचबिंदू," ते हळूच म्हणाले. "गेलेली नजर माघारी येत न्हाई म्हणले डॉक्टर. कुणाला बोलू नका, वहिनी. पोरगी लेथ बंद करंल. मग मी दिवसभर करू काय?"

मी शब्द दिला. केवढं गुपित पेलतेय म्हणून चार दिवस छाती पुढं काढून फिरले. शेजारणीच्या सुनेला दिवस गेल्याचं जिच्या पोटात अर्धा दिवस राहिलं नाही, त्या बयेनं नेमकं हेच राखलं.

दोन महिन्यांनी लेथनं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.

आता लेथ त्यांची पोरगी चालवते. भावजी दाराशी खुर्ची टाकून बसतात. बोटांचं कुणी विचारलंच तर "यंत्रच त्ये" म्हणून मोकळे होतात. त्यात माझं नाव कधी घेत नाहीत. एकदा मीच न राहवून म्हटलं, "भावजी, मी तवाच पोरीला सांगायला हवं होतं."

"येडं का खुळं! तुमच्यामुळं दोन महिनं जास्त काम केलं मी. तुमच्यावानी शब्दाचं पक्कं माणूस न्हाई बघितलं, वहिनी."

तेव्हापासून भेटेल त्याला ते हे सांगतात. असं कौतुक ऐकून घ्यायला फार बळ लागतं. मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी जाऊन बसते, आणि ऐकून येते.