राखणीची थाळी

मी स्वभावाने भित्री आहे, हे लग्न ठरतानाच सांगून टाकायला हवं होतं. पत्रिका पाहिली, उंची पाहिली, मला मेथी निवडता येते का तेही पाहिलं. भित्रेपणाबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही. हडपसरच्या फ्लॅटमध्ये पाल आणि इंजेक्शन एवढ्यावर भागत होतं. ओतूरजवळच्या या वस्तीवर आल्यावर त्यात बिबट्या आणि सासूबाई अशी दोन नावं वाढली. (क्रम चढता आहे.)

सासूबाईंना मी आत्या म्हणते. गेल्या पौषात गोठ्यात पाय घसरून त्या पडल्या आणि उजव्या मनगटाला प्लास्टर लागलं, तेही कांद्याच्या लागणीच्या ऐन तोंडावर. आमचं रोप केव्हाच तयार झालं होतं, मजूर बाया मिळत नव्हत्या आणि सगळी मदार सावडीवर होती. सावड म्हणजे वस्तीवरच्या बारा घरांतल्या बारा बायका: आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. पैसे नाहीत, कागद नाही. ज्या घरची बाई आली नाही, त्या घरच्या रानात कोणी जात नाही.

“उद्या माझ्या जागी तू जायचं,” गळ्यात अडकवलेला हात सावरत आत्या म्हणाल्या.

“मी? आत्या, मला कांदा चिरतानासुद्धा त्रास होतो.”

“चिरायचा न्हाई, लावायचाय. गुरवारी आपला नंबर हाय. रोप थोराड व्हायला लागलंय. उद्या तुझा दिवस धरला न्हाई तर गुरवारी रानात आपण दोघीच. त्यातबी माझा एकच हात.”

“आणि बिबट्या?”

“त्याला आमी सावडीत घेतलेला न्हाई.”

मग अंगणात परातीत चिखल कालवून माझी शिकवणी झाली. अंगठ्याने रोप दाबायचं, चार बोटं अंतर ठेवायचं, मागे सरकायचं. परातीत मागे सरकायला जागा नसल्यामुळे तेवढा भाग राहून गेला. संध्याकाळी मला वाटलं, जमेल की. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच वाक्यापासून सुरू झालेले आहेत.

सकाळी शमाभाभींची पिकअप दारात आली. त्यांच्या घरी शेतीबरोबर भाजीचा व्यापार, आणि गाडी त्या स्वतःच चालवतात. मागे रोपाच्या जुड्या, जेवणाची गाठोडी आणि आम्ही अकराजणी. त्या दिवशी लागण होती पारूमावशींच्या रानात. पारूमावशी म्हणजे या सावडीचा शेवटचा शब्द. त्या हळू आवाजात बोलतात, म्हणून त्यांची भीती जास्त वाटते.

रान कालव्याच्या चारीला, म्हणजे पाटाला, लागून. एका बाजूला दोन पुरुष उंचीचा ऊस. पलीकडच्या फडात तोड सुरू झालेली, म्हणजे तिकडचे सगळे पाहुणे इकडच्या उसात मुक्कामाला आलेले असणार, हे मला शमाभाभींनी वाटेतच सांगितलं होतं. (मी विचारलं नव्हतं.)

पाणी सोडलेल्या गार वाफ्यात पाय टाकला आणि तासाभरात बाकीच्या अकराजणी पार पुढच्या बांधाला पोचल्या. मी जिथे होते तिथेच होते. फक्त चिखलात थोडी खाली गेले होते. पारूमावशी माझ्या वाफ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“हे रोप लावलंय का रांगोळीचं ठिपकं काढल्यात?”

“मावशी, परातीत बरं आलं होतं.”

त्यांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि तिच्या जागी एक स्टीलची थाळी आणि लाटणं दिलं. “तू राखणीला उभी ऱ्हा. वाकलेलं माणूस त्याला शेळीवानी दिसतं, म्हून एकीनं उभंच ऱ्हायचं. कायबी दिसलं की थाळी वाजवायची. आमी गोळा व्हतो. वराडायचं, हात वर करायचं. आन कायबी झालं तरी पळायचं न्हाई.”

“म्हणजे हा दिवस सावडीत धरणार ना?”

“बघू,” पारूमावशी म्हणाल्या. त्या एका शब्दावर आमचं पाऊण एकर रोप टांगलेलं होतं.

अकरा बायकांचा जीव आणि आमचा कांदा आता माझ्या हातात होता. उसाचं पान हललं की माझं लाटणं आपोआप वर जायचं. पहिल्यांदा थाळी वाजवली तेव्हा सगळ्याजणी विळे घेऊन गोल करून उभ्या राहिल्या. उसातून मुंगूस निघालं. दुसऱ्यांदा पारवा निघाला. तिसऱ्यांदा काहीच निघालं नाही, ते मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटलं.

“सूनबाई,” पारूमावशी हळू आवाजात म्हणाल्या, “आता आख्खा दिसल्याबिगर वाजवू नगं.”

“आख्खा?”

“निदान शेपूट तरी. दर वेळेला उठबस करून तीन वाफं मागं पडल्यात. असं चाललं तर दिवस कसा धरायचा, तूच सांग.”

मग मी ठरवलं, आता जीव गेला तरी वाजवायचं नाही. जेवणाची वेळ झाली तरी थाळी गप्प होती आणि माझे दात वाजत होते. तेवढ्यात उसाच्या कडेला पिवळं काहीतरी हललं. पिवळं, आणि त्यावर काळे ठिपके. मी डोळे मिटले. उघडले. पिवळं तिथेच. शेपूट दिसतंय का ते पाहायला पाहिजे होतं, पण मला आता धड ऊससुद्धा दिसेना. समोर फक्त आत्यांचा चेहरा आणि वाळून चाललेलं रोप दिसत होतं. वाजवू की नको, वाजवू की नको, आणि ते पिवळं उडी मारल्यासारखं वर उठलं.

थाळी हातातून पडली. मी किंचाळले. आणि पळाले.

बाभळीखाली पिकअप उभी होती. मी आत शिरले, दोन्ही दारं लॉक केली, काचा वर केल्या आणि हॉर्नवर दोन्ही हात ठेवून बसले. बाहेर अकराजणी विळे घेऊन गोल करून उभ्या. राखणदारीण आत.

शमाभाभी धावत दारापाशी आल्या. “अगं दार उघड! गाडी माझी हाय!”

“आधी तो गेला का बघा,” मी आतून ओरडले.

“आमी भाईर हाय ना! आमी कशाला बघू?”

हे म्हणणं रास्त होतं, पण हात लॉककडे जाईना. एका हाताने हॉर्न चालू ठेवून मी वस्तीच्या ग्रुपवर आवाजी संदेश पाठवला. त्यात शब्द एकही नव्हता, नुसता हॉर्न आणि माझी किंकाळी. तरी सगळ्यांना अर्थ कळला. थोड्याच वेळात सात मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, फटाके, डबे, वनखात्याचा एक माणूस आणि कोणाच्या तरी गाडीवर मागे एका अंगावर बसून आत्या, अशी सगळी वस्ती बांधावर हजर झाली.

चारपाच जणांनी उसाची कड तपासली आणि पिवळं काढून आणलं. पारूमावशींचं कालच्या भाकरीचं फडकं. पिवळ्यावर काळे ठिपके, धुऊन उसावर वाळत घातलेलं. वाऱ्याने उडालं होतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आत्या पिकअपपाशी आल्या आणि प्लास्टरच्या हाताने काचेवर टकटक केलं. मघाशी सांगितलेल्या क्रमाप्रमाणे मी ताबडतोब दार उघडलं.

“पळालीस?” आत्यांनी विचारलं.

“पळाले,” मी म्हणाले, आणि पारूमावशींकडे वळताच मला रडू फुटलं. “मावशी, मला लागण येत नाही, राखण येत नाही. मी तुम्हाला बाहेर ठेवून दार लावून घेतलं. माझा दिवस धरू नका. पण आत्यांच्या रोपाचं काहीतरी बघा. त्यांनी तुमच्या रानात किती वर्षं केलंय, त्यांनी कुठं दार लावून घेतलं होतं.”

पारूमावशी हातातलं फडकं पिळत उभ्या राहिल्या, कोरडं असूनसुद्धा. तेवढ्यात गाडीच्या मागून शमाभाभींचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता.

“भाऊ, हिकडं या जरा.”

चारीचं पाणी झिरपून पिकअपच्या मागे चिखल झाला होता. वनखात्याचा माणूस त्यात उकिडवा बसला, एका ठशावर आपल्या हाताचा पंजा ठेवून पाहिला, मग दुसऱ्यावर. गवतात एक जागा दबलेली होती. तिथे हात लावून तो म्हणाला, “आत्ताचंच हाय. गाडीच्या सावलीला बसला व्हता, चाकाच्या मागं. तुमी जेवायला हितंच येणार व्हता का?”

जेवणाची गाठोडी पिकअपमध्येच होती. अकराजणींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मंग गेला कशानं?” पारूमावशींनी विचारलं.

तो ठशांच्या मागोमाग चालत गेला. पुढचे ठसे लांब लांब पडले होते आणि चारीपाशी संपले होते. “दचकला. एका उडीत चारी पार केलीय. पार तिकडं गेला असंल.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अजून उघड्या दारातून एक हात हॉर्नवर ठेवून उभी होते.

म्हणजे भीती माझी बरोबर होती, फक्त पत्ता चुकला होता. फडक्याला घाबरून मी थेट बिबट्याच्या अंगावर धावून गेले होते. हे लक्षात आल्यावर मी खाली बसले, त्यानंतर काय झालं ते मला लोकांनी सांगितलं.

गुरुवारी सकाळी पिकअप दारात थांबली. मी आतूनच मोजलं. अकराच्या अकरा. आत्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “धूर गेला डोळ्यात.” चूल पेटलेली नव्हती. मी जुडी घ्यायला पुढे झाले, तर पारूमावशींनी माझ्या हातात थाळी ठेवली.

“आता राखणीला कायम हीच. धीट बाई उभ्या उभ्या डुलकी घेती. हिला लागणार न्हाई.”

तेव्हापासून मी सावडीत आहे. शेजारच्या वस्तीवरूनही मला बोलावणं येतं. लोक कौतुक करतात, वाघाला पळवलं म्हणतात, आणि मी मान खाली घालून ऐकून घेते. कारण खरं काय ते मला माहीत आहे. त्या दिवशी त्या रानातून दोन जीव घाबरून पळाले. त्यातल्या एकाने अकरा बायकांना बाहेर ठेवून दार लावून घेतलं, आणि तो बिबट्या नव्हता.